अंबादासची डबी, चंपाची शिडी

मुलुंडला एका बारशाच्या मांडवात अंबादास खरात माईक तपासत होता. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन," इथपर्यंत आवाज नीट आला. चार काही आला नाही. पाळण्याला फुलं बांधणाऱ्या बायकांनी वर भोंग्याकडे बघितलं, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून धोंडिराम ओरडला, "अंब्या, वायर लूज आहे रे!"

धोंडिराम हा मांडव आणि लायटिंगवाला. घाटकोपरला अंबादासच्या शेजारच्याच खोलीत राहायचा. मांडव धोंडिरामचा, साऊंड अंबादासचा, अशी दोघांची वीस वर्षांची जोडी होती. धोंडिरामनं सवयीनं वायर हातात धरली आणि ती तपासत तपासत तिच्या मागोमाग गेला. वायरीला काहीच झालं नव्हतं. तिच्या टोकाला, खुर्च्यांच्या ढिगाआड, अंबादास आडवा पडला होता.

तोंडावर पाणी मारल्यावर तो अर्ध्या मिनिटात उठून बसला, माईक उचलला आणि म्हणाला, "चार."

सगळा मांडव हसला. अंबादासही हसला. पण बाळाचा मामा डॉक्टर होता, त्यानं अंबादासचं मनगट पकडलं ते सोडेचना. घड्याळाकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "तुमची नाडी मिनिटाला बत्तीस आहे. हे बारसं तुमच्याशिवाय होईल. तुम्ही आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला."

हे चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधलं. अंबादास तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याआधी त्यानं आयुष्यात दोनदा दात दुखला म्हणून आणि एकदा कुत्रा चावला म्हणून, एवढंच काय ते हॉस्पिटल बघितलं होतं.

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या छातीला वायरी लावून कागदाची लांबलचक पट्टी काढली गेली. डॉक्टर पद्मजा देवधर नावाच्या, बारीक चणीच्या आणि मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी ती पट्टी अंबादासच्या मांडीवर पसरली आणि त्याची बायको चंपा हिलाही जवळ बोलावलं.

"हृदयाला दोन मजले असतात असं समजा," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरून खालच्याला निरोप जातो, आता आवळ. तुमचा निरोप मध्येच अडकतोय. मग खालचा मजला आपल्या मर्जीनं, सावकाश चालतो."

अंबादासनं पट्टीकडे बघितलं. "म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर चालू, भोंगा चालू, मधली वायर गेली."

"अगदी तसंच!" डॉक्टरबाई खूष झाल्या. "मग आपण नवीन वायर टाकायची, आणि तिच्यामागे एक छोटं मशीन. पेसमेकर म्हणतात त्याला. ठोका चुकला की ते आठवण करून देईल."

एका ट्रस्टनं मशीनची सोय केली आणि आठवड्याभरात अंबादासच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत, तपकिरीच्या डबीएवढी एक डबी बसली. शुद्धीत होता तो, भूल फक्त त्या जागेपुरती दिली होती. नंतर तो सगळ्यांना सांगायचा, की डॉक्टर लोक आत काम करताना क्रिकेटच्या गप्पा मारत होते आणि त्यामुळेच आपल्याला धीर आला. एवढं सोपं काम असल्याशिवाय माणूस क्रिकेट बोलेल का?

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण आतली वायर अजून रुजायची आहे. जड उचलायचं नाही. जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं किंवा ताप आला तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं. रोज सकाळी उठल्या उठल्या पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. मशीन सत्तरवर लावलंय, त्याच्या खाली गेली किंवा पुन्हा चक्कर आली तर कळवायचं. आणि एक कार्ड दिलं, ते कायम अंगावर ठेवायचं. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दातांच्यासुद्धा, गेलं की आधी ते दाखवायचं.

"नाडी मी मोजीन," चंपा म्हणाली. ती विक्रोळीच्या एका औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. एका नजरेत पट्टीतल्या गोळ्या मोजायची तिची ख्याती होती. एक कमी असली तरी तिचा हात आपोआप थांबायचा.

"काम काय करता तुम्ही?" डॉक्टरबाईंनी फाईलमध्ये लिहिता लिहिता विचारलं.

अंबादास म्हणाला, "गाणी लावतो."

"रेकॉर्डच्या दुकानात का? छान. बसून काम आहे."

चंपानं नवऱ्याकडे बघितलं. अंबादासनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठे? गाणीच लावतो ना? सगळं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, सोडा हे काम. मग मी काय करू? गोळ्या मोजू?"

चंपानं गोष्ट मनात ठेवली.

घरी आल्यापासून अख्ख्या चाळीनं अंबादासचं मशीन आपल्या ताब्यात घेतलं. कुणी म्हणालं, रेडिओजवळ बसू नका. कुणी म्हणालं, ट्यूबलाईटखाली झोपू नका. समोरच्या वनमालाबाईंनी मिक्सर घेतला होता, त्या चटणी करायच्या आधी गॅलरीत येऊन ओरडायच्या, "अंबादासभाऊ, लावू का?" मग अंबादास उठून जिन्यापर्यंत जायचा, आणि चटणी झाल्यावर वनमालाबाई पुन्हा ओरडायच्या, "या आता!"

धोंडिरामनं तर कहर केला. त्यानं एक लाकडी पट्टी आणून दिली आणि सांगितलं, लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही, ह्या पट्टीनं ढकलायचं. "तुझ्यात करंट आहे, त्याच्यात करंट आहे. दोन करंट भेटले की वाट लागली ना यार."

वीस वर्षं करंटशी खेळलेल्या अंबादासला खरं तर हे पटायला नको होतं. पण भीतीचं असंच असतं. ज्या माणसानं भर पावसात उघड्या जोडांवर टेप मारली होती, तो पट्टीनं दिवा लावू लागला. डावा हात तर त्यानं पोटाशी असा धरून ठेवला, की जणू त्यात अंडं आहे. झोपेतसुद्धा हात जागचा हलायचा नाही.

चंपाचं मात्र एकच काम, आणि ते ती चोख करायची. सकाळी सहाला, चहाच्या आधी, गजराचं घड्याळ समोर ठेवून ती त्याचं मनगट धरायची. एक मिनिट खोलीत कुणी बोलायचं नाही. मग ती म्हणायची, "सत्तर." कार्डासाठी तिनं त्याच्या सगळ्या बनियनला आतून खिसा शिवला होता, त्यात कार्ड आहे की नाही हे चाचपायची आणि मग स्टोव्ह पेटवायची.

"वहिनी, आज किती?" गॅलरीतून धोंडिराम विचारायचा.

"सत्तर."

"काल?"

"सत्तर."

"मटक्याचा आकडा असा रोज आला असता ना वहिनी, तर आज मी मलबार हिलला असतो!"

सहा आठवडे संपले. जखम छान भरली, बारीक गुलाबी रेघ तेवढी राहिली. तरी अंबादासचा हात पोटाशीच. अंगात शर्ट घालायचा तर चंपाला बाही धरावी लागे. तो दिवसभर खोलीच्या कोपऱ्यात रचलेल्या आपल्या भोंग्यांकडे बघत बसायचा. ऑर्डरी येत होत्या, धोंडिराम त्या दुसऱ्या साऊंडवाल्याकडे वळवत होता. त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता, मित्र आजारी म्हणून तो सगळं ओढत होता. पण दर वेळी टेम्पो आपल्या दारावरून रिकामा पुढे गेला, की अंबादासचं तोंड एवढंसं व्हायचं.

मेच्या शेवटच्या रविवारी भांडुपला वाघचौऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. हे काम अंबादासनं आजाराच्या आधीच घेतलं होतं. वाघचौरे त्याच्या गावाकडचे, जालन्याकडचे. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नालाही साऊंड अंबादासचाच होता.

"मी त्यांना सांगतो, दुसरा माणूस आणतो म्हणून," धोंडिराम आधीच्या रविवारी म्हणाला.

"सांग," अंबादास म्हणाला. पण त्या दुपारी त्याला चैन पडेना. चंपाची सुट्टी होती, ती बाहेर नळावर कपडे धूत होती. अंबादासनं एक भोंगा पुढे ओढला आणि त्याच्या मागचं युनिट फिरवून काढलं. भोंगा म्हणजे नुसता पत्र्याचा कर्णा, खरा आवाज त्या युनिटमध्ये. आत मोठं लोहचुंबक असतं, त्यामुळे मुठीएवढ्या वस्तूला दगडासारखं वजन. उजव्या हातानं ते उचलताना डावा हात काही मदतीला येईना, म्हणून त्यानं ते सवयीनं छातीशी कवटाळलं आणि फडक्यानं पुसू लागला.

दोन मिनिटांत त्याला छातीत काहीतरी वेगळं जाणवलं. धाड धाड धाड. दम लागलेला नसताना पळाल्यासारखं. त्याला घाम फुटला. तो युनिट घेऊनच मागे सरकला, खाटेला टेकला आणि ओरडला, "चंपा! अगं चंपा!"

चंपा ओल्या हातांनी धावत आली. विचारपूस न करता तिनं मनगट धरलं आणि घड्याळावर नजर लावली. तिचे ओठ हलत होते. "नव्वदच्या घरात जातेय," ती म्हणाली. "काय करत होतात?"

"काही नाही. हे पुसत होतो."

"ते द्या इकडे, मधे येतंय." तिनं त्याच्या छातीशी धरलेलं युनिट काढून खाली, खाटेच्या पायाशी ठेवलं आणि पुन्हा मोजायला लागली. तिचा चेहरा बदलला. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सत्तर," ती म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग दोघांनी खाली युनिटकडे बघितलं.

"बरं वाटतंय?"

"बरं वाटतंय. एकदम थांबलं ते."

चंपा युनिट उचलायला वाकली. "पुन्हा जवळ आणून बघू का?"

"वेडी झालीस का गं?" अंबादास खाटेवर मागे मागे सरकत भिंतीला टेकला.

"बरं, नाही आणत. हे डॉक्टरबाईंनाच दाखवू. आणि आता तुम्ही काय काम करता ते मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी चंपानं अर्धी सुट्टी टाकली, युनिट भाजीच्या पिशवीत घातलं आणि ते अंबादासपासून लांब, दुसऱ्या बाजूला धरून त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तिनं पिशवी ठेवली.

"डॉक्टर, हे म्हणाले ना गाणी लावतो, ती ह्यानं लावतात."

पिशवीतून निघालेली वस्तू बघून डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. टेबलावरच्या टाचण्यांची डबी सरकत जाऊन युनिटला चिकटली. चंपानं काल काय झालं ते सगळं सांगितलं, नव्वद आणि सत्तरसकट. अंबादास मान खाली घालून बसला होता.

डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग मोठ्यानं हसल्या. त्यांनी खण उघडला आणि आतून बांगडीसारखं एक जाड चुंबक काढलं. "हे बघा. मशीन तपासायला आम्ही स्वतःच हे तुमच्या छातीवर ठेवतो. चुंबक जवळ आलं की मशीन तुमच्या हृदयाचं ऐकायचं बंद करतं आणि आपल्या ठरलेल्या वेगानं चालतं. तो वेग बघून बॅटरी कितपत आहे ते आम्हाला कळतं. चुंबक लांब गेलं की पुन्हा पूर्वीसारखं. मशीन बिघडलेलं नाही. पण घरी बसून हे करायचं नाही. कारण तेवढा वेळ ते तुमच्या ठोक्याकडे बघत नाही, आणि ते चांगलं नाही."

मग त्यांनी अंबादासला झोपवलं, वायरी लावल्या, आणि युनिट लांबून हळूहळू जवळ आणत पट्टीकडे बघत राहिल्या. हातभर अंतरावर काही नाही. फूटभर अंतरावर काही नाही. अगदी छातीजवळ आल्यावर पट्टीवरच्या रेघा एकदम दाट झाल्या. अंबादासनं डोळे मिटून घेतले होते.

"उघडा डोळे. कळलं? हातानं धरा, लांब धरा, पण छातीशी कवटाळायचं नाही. भोंग्याला कुणी मिठी मारतं का?"

"म्हणजे काम सोडायला नको?"

"कोण म्हणालं सोडा?" बाईंचा आवाज चढला. "माणसं कामाला परत जावीत म्हणून तर आम्ही ही मशीनं बसवतो. मला आधी खरं सांगितलं असतं तर तेव्हाच हे बोलले असते. बरं, अजून काय काय वापरता?"

अंबादास आता मोकळेपणी एकेक सांगू लागला आणि डॉक्टरबाई उत्तरं देत गेल्या. अ‍ॅम्प्लिफायर चालतो, पण चालू असताना झाकण उघडून त्यावर ओणवं व्हायचं नाही. अर्थिंग नीट हवं. रेडिओ, ट्यूबलाईट, बटण, वनमालाबाईंचा मिक्सर, कशाचीच भीती नाही, फक्त चालू मिक्सर छातीला लावून उभं राहू नका. वेल्डिंग स्वतः करायचं नाही, कुणी करत असेल तर दहा पावलं लांब जायचं.

"दहा पावलं," चंपा पुटपुटली, लक्षात राहावं म्हणून.

"आणि हा हात असा का धरलाय?" डॉक्टरबाईंनी अचानक विचारलं. त्यांनी डावा हात धरून वर उचलायला लावला. खांद्याच्या उंचीपर्यंत जाताजाता अंबादास कळवळला.

"तुम्हीच म्हणाला होता, वर न्यायचा नाही."

"सहा आठवडे म्हटलं होतं! आता दोन महिने झाले. खांदा धरलाय तुमचा. मशीनमुळे नाही, घाबरल्यामुळे." त्यांनी भिंतीजवळ उभं करून बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढायला शिकवलं. रोज दोनदा, थोडं थोडं. महिन्याभरात खांदा सुटेल. तोपर्यंत शिडी नाही.

घरी आल्यावर अंबादासनं पहिलं काम केलं ते म्हणजे बोटानं दिवा लावला. मग विझवला. मग पुन्हा लावला. दारातून धोंडिराम बघत होता, त्यानं चक्क डोळ्यांवर हात ठेवले.

"वाघचौऱ्यांना सांगितलंस का?" अंबादासनं विचारलं.

"नाही अजून."

"मग सांगू नको. साऊंड माझाच."

रविवारी सकाळी टेम्पो भांडुपला पोचला तेव्हा एक गोष्ट उघड झाली. धोंडिरामची सगळी माणसं मानखुर्दच्या दुसऱ्या मांडवात अडकली होती. मांडव रात्रीच उभा राहिला होता, पण भोंगे बांधायचे होते आणि शिडीवर चढायला होतं कोण? अंबादासचा खांदा धरलेला. धोंडिरामचे गुडघे असे, की दोन पायऱ्या चढला की तिसरीवर बसायचा.

"मी चढतो हळूहळू," अंबादास म्हणाला.

"मी चढतो, तू शिडी धर," धोंडिराम म्हणाला.

"बाजूला व्हा दोघं," चंपा म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अगं, तुला कुठे येतं?"

"वीस वर्षं तुमच्या कामाच्या गोष्टी ऐकतेय. कुठली गाठ सुटते आणि कुठली सुटत नाही हे मला झोपेत विचारा. भोंगा द्या."

ती वर गेली. खाली बघून एकदा तिनं डोळे घट्ट मिटले, बांबूला मिठी मारली, मग उघडले. धोंडिरामनं भोंगा काठीनं वर सरकवला. तेवढ्यात नवऱ्या मुलीचे वडील, वाघचौरे, धोतर सावरत आले. "जय भीम, अंबादासराव! अहो, पण हे काय? बाईमाणूस वर कशाला चढवलंत?"

"जय भीम, काका!" वरून चंपाच बोलली. "तुम्ही तिथून जरा सरकता का? दोरी तुमच्या पायाखाली आहे."

वाघचौरे पटकन सरकले. तिनं दोरी ओढून घेतली, दोन वेढे दिले, गाठ मारली आणि सगळ्या जोरानं हलवून बघितली. भोंगा हलला नाही.

"थोडा उजवीकडे फिरव," अंबादास खालून म्हणाला. "नाहीतर सगळा आवाज आचाऱ्याच्या कढईत जाईल."

चार भोंगे बांधून चंपा खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की अंबादास बघतच राहिला. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा तिचा चेहरा असा होता. मधल्या वर्षांत कधी असा बघितल्याचं त्याला आठवेना.

गाणी सुरू झाली. माणसं जमली. अंबादास अ‍ॅम्प्लिफायरपाशी खुर्ची टाकून बसला होता, इतक्यात मांडवाच्या मागच्या भिंतीपलीकडून निळसर उजेड लखलखला. तिथे एक ग्रीलचा कारखाना होता आणि रविवारचा दिवस असूनही कुणीतरी वेल्डिंग सुरू केलं होतं.

अंबादासनं ते बघितलं आणि उठला. पण त्याच्या आधी धोंडिरामनं बघितलं होतं. "अंब्याऽऽ!" असं ओरडत तो मांडवातून धावत सुटला, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि जाताजाता टेबलावरची चादर ओढून ती अंबादाससमोर दोन्ही हातांनी ढालीसारखी धरून उभा राहिला. चादरीबरोबर टेबलावरचे पेढेही आले. पाहुणे उठून उभे राहिले. काहींना वाटलं, आगच लागली.

"धोंड्या, ती चादर खाली ठेव," अंबादास म्हणाला. "दहा पावलं लांब झालं की झालं. मी मोजतो." आणि तो खरंच मोजत, शांतपणे, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला. दहाच्या ऐवजी त्यानं पंधरा पावलं टाकली. तिथून त्यानं चंपाला हात केला. ती भिंतीपलीकडे गेली आणि कारखानदाराला म्हणाली, "भाऊ, लग्न आहे, दोन तास थांबता का? जेवायला या." कारखानदारानं मशीन बंद केलं, हात धुतले आणि तो मांडवात येऊन बसलासुद्धा.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील सुरू केलं. आवाज स्वच्छ, सगळीकडे सारखा पोचत होता. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कानावरचा हात काढला, तिला हाताची गरज वाटली नाही. अंबादासनं ते बघितलं आणि त्याला वाटलं, आपण परत आलो.

जेवताना वाघचौरे त्याच्या पानात बुंदी वाढत म्हणाले, "पुढच्या वर्षी धाकटीचं करायचंय. साऊंड तुमचाच. आणि भोंगे वहिनींनीच बांधायचे."

"ते त्यांना विचारा," अंबादास म्हणाला.

"रविवार असला तर येईन," चंपा म्हणाली.

पावसाळ्यात तपासणीसाठी दोघं पुन्हा हॉस्पिटलात गेली. बाकावर त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. मालन तिचं नाव, बोरिवलीला राहायची, मूळची मालवणकडची. तिला पंधरा दिवसांपूर्वीच मशीन बसलं होतं. हात पोटाशी घट्ट धरून ती दाराकडे बघत होती. अंबादासनं तो हात बघितला आणि सरकून तिच्याजवळ बसला.

"ताई, किती दिवस झाले?"

"पंधरा." मग तिनं आवाज बारीक करून विचारलं, "भावानूं, माका एक सांगा. मी झोपलंय तर ह्यां बंद पडात काय?"

"नाही हो. तुम्ही झोपलात तरी ते जागंच असतं. मी पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही, त्याला सोबत म्हणून. उगाच जागलो."

मालन पहिल्यांदा हसली. मग तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. गणपतीक गावाक जावचा आसा, एष्टीत धक्के बसतत, चालतला? खोबऱ्याचा वाटप पाट्यार वाटूचा काय? अंबादासनं सांगितलं, कार्ड जवळ ठेवा, हात सहा आठवडे सांभाळा, पण नंतर हलवा, नाहीतर माझ्यासारखा खांदा धरून बसेल. बाकीचं सगळं डॉक्टरबाईंना विचारा, आणि खरं काय करता ते सांगा, काही लपवू नका.

"नाडी मोजूक जमना नाय," मालन म्हणाली. "घोव मोजता तर कधी पन्नास येता, कधी शंभर."

"ते मनगट चुकीचं धरत असतील," चंपा म्हणाली. तिनं नवऱ्याचा हात उचलून मालनच्या पुढे केला. "ह्यांच्यावर शिका. अंगठ्यानं नाही, ह्या दोन बोटांनी. इथे. लागलं का?"

मालननं डोळे मिटले. तिची बोटं चाचपडत होती, थांबली, पुन्हा चाचपडली. "लागला!" ती एवढ्यानं म्हणाली, की बाकावरची सगळी माणसं वळली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती ओठांत मोजू लागली. चंपाही तिच्याबरोबर मोजत होती. अंबादास हात पुढे करून, मान ताठ करून, फोटोला बसल्यासारखा बसला होता.

शिपाई दारातून ओरडला, "मालन परब!"

"थांब रे," मालन म्हणाली, "अजून वीस सेकंद आसत."